खडकाआधी गावाचा सर्व्हे

कुठल्याही मोठ्या ऊर्जा प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात जोखमींचा एक तक्ता असतो. खडक कसा आहे, पाइपाला गंज किती वर्षांत चढेल, ट्रान्सफॉर्मर वेळेवर मिळेल का, यांवर पानंच्या पानं भरलेली असतात. मग शेवटी कुठेतरी एक ओळ येते : ‘स्थानिक विरोध, शक्यता मध्यम, उपाय : जनजागृती’. गेल्या तीस वर्षांत गोव्यात जे प्रकल्प गुंडाळले गेले किंवा न्यायालयातून मार्ग बदलून परत आले, त्यांचं काय होणार हे या एका ओळीत लिहायला हवं होतं आणि लिहिलेलं नव्हतं. ही ओळ नीट उलगडता येते. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी मोजता येतात. आणि ती जागा किंवा मार्ग ठरण्याच्या आधी लिहिली तरच तिचा उपयोग होतो.

हा विषय गोव्यात आत्ताच काढण्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतूलच्या ओएनजीसी संस्थेत इंडिया एनर्जी वीक भरला. नीती आयोगाने २०२२ मध्ये कार्बन पकडणं, वापरणं आणि साठवणं (म्हणजे कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता जमिनीखाली ठेवणं) याच्या धोरणाचा आराखडा मांडला, त्यात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची भाषा आहे. गोव्याच्या जमिनीखाली तो साठवण्याजोगा खडक जवळपास नाहीच. इथे बहुतेक धारवाडी काळाचे जुने रूपांतरित खडक आहेत, वायू मुरेल अशी छिद्रं त्यांत नाहीत, आणि दख्खनचा बेसाल्ट राज्याच्या कडेला जेमतेम लागतो. पण किनारा आहे, बंदर आहे आणि घाटातून उतरणारे मार्ग आहेत. त्यामुळे उद्या वायू समुद्राखाली न्यायचा ठरला किंवा दुसऱ्या राज्यातली वीज आणायची ठरली, तरी गोव्याच्या वाट्याला येणार ते पाइप, मनोरे, टाक्या आणि धक्के. यांत तंत्रज्ञानाचे प्रश्न तुलनेने सुटलेले आहेत. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडला गेला.

तंत्र पक्कं असूनही प्रकल्प कसा पडतो, याचा नमुना नेदरलँड्समधल्या बारेंद्रेख्त गावात आहे. शेल कंपनीला पेर्निसच्या रिफायनरीतला वायू गावाखालच्या दोन रिकाम्या गॅस क्षेत्रांत साठवायचा होता. पंचवीस वर्षांत सुमारे एक कोटी टन. क्षेत्रं चांगली होती, त्यांनी लाखो वर्षं नैसर्गिक वायू धरून ठेवला होता. पण वर चाळीसेक हजारांची वस्ती होती, आणि जागा जवळपास ठरल्यावर नगरपालिकेला चर्चेला बोलावलं गेलं. लोकांनी विचारलेले प्रश्न साधे होते. घराची किंमत उतरली तर भरपाई कोण देणार? आमचंच गाव का, दुसऱ्या कुठल्या जागा तपासल्या? गळती झाली तर घंटा कोण वाजवणार? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरच तयार नव्हतं, आणि तिसऱ्याला मिळालेलं उत्तर ‘तशी शक्यता नगण्य आहे’ या वळणाचं होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने हिरवा कंदील दाखवला आणि वर्षभरात, नोव्हेंबर २०१० मध्ये, तो प्रकल्प रद्द केला. कारण म्हणून सांगितलं गेलं ते तीन वर्षांहून अधिक लांबलेलं काम आणि स्थानिक पाठिंब्याचा पूर्ण अभाव.

मग समुद्रात गेलं की सुटका होते का? त्याच देशाचा पोर्थोस प्रकल्प किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटरवर समुद्राखाली साठवणूक करणारा. तिथे शेजारी कोणी नाही. तरी बांधकामातल्या यंत्रांच्या नायट्रोजन उत्सर्जनावरून खटला उभा राहिला, नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने बांधकामाला मिळणारी सरसकट सूट रद्द ठरवली, आणि ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतरच पुढची वाट मोकळी झाली. साठवणुकीच्या खडकाशी या खटल्याचा काडीचाही संबंध नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं आहे. जानेवारी २००९ मध्ये भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञ पोलारश्टेर्न या जहाजातून केपटाउनहून दक्षिण महासागरात लोहाफेक्स प्रयोगासाठी निघाले. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन लोह सोडायचं, त्याने शैवाल वाढतं का आणि ते मरून कार्बन तळाशी नेतं का, हे पाहायचं. पण आधीच्या वर्षी, मे २००८ मध्ये, जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी बॉनमध्ये समुद्राला असं खत घालण्यावर निर्बंधाचा ठराव केला होता. पर्यावरण गटांनी आवाज उठवला, जर्मन मंत्रालयाने काम थांबवलं, जहाज भर समुद्रात आणि परवानगीचा फेरविचार किनाऱ्यावर, अशी स्थिती झाली. स्वतंत्र परीक्षणं मागवून महिनाअखेरीस प्रयोगाला मुभा मिळाली. शैवाल वाढलं, ते बारीक प्राण्यांनी खाल्लं, तळाशी फारसा कार्बन गेला नाही. विज्ञान म्हणून हा निष्कर्ष मोलाचा आहे. पण जहाज सुटण्याआधी तो ठराव जोखमीच्या तक्त्यात ठळक बसला असता, तर परीक्षणं बंदरातच झाली असती.

आता गोवा. केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ या कृत्रिम धाग्याचा कारखाना येणार होता. विरोध वाढत गेला, जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण मारला गेला आणि कारखाना अखेर तामिळनाडूत गेला. पुढे तेच पठार विशेष आर्थिक क्षेत्रासाठी दिलं गेलं. पुन्हा आंदोलन पेटलं आणि २००७ च्या अखेरीस सरकारला राज्यातल्या अशा सगळ्या क्षेत्रांपासून माघार घ्यावी लागली. नकाशावर भूतखांब म्हणजे मोकळी, सपाट, सोयीची जागा. गावाच्या लेखी तिथे एक मृत्यू नोंदलेला आहे. जागेचा हा इतिहास शोधायला महागडं उपकरण लागत नाही, ग्रामसभेच्या ठरावांचं पुस्तक आणि जुनी वर्तमानपत्रं पुरतात. तरी ते कुणी चाळत नाही.

छत्तीसगडमधल्या तामनारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीजवाहिनीची गोष्ट ताजी आहे. कर्नाटकातल्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यातल्या शेल्ड्यापर्यंत ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून नवा पट्टा कापून आणायची होती. २०२० मध्ये मोल्यासाठी लोक उभे राहिले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारिता समितीने आधीपासून असलेल्या वाहिनीच्याच पट्ट्याचा वापर करावा असं सुचवलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. जुना पट्टा पहिल्या दिवसापासून नकाशावर होता. तो पर्याय कागदावर शेजारी ठेवून झाडं, वन्यजीव, गावं आणि वेळ यांची बेरीज तेव्हाच करता आली असती. त्यावर कर्नाटकच्या वनखात्याची मंजुरी अडकली आणि म्हादईच्या पाण्याचा वाद या वाहिनीला येऊन चिकटला. दोन राज्यांचं पाण्यावरून भांडण असताना एकाच्या जंगलातून दुसऱ्याला वीज न्यायची, तर हा धोका पहिल्या पानावर हवा.

इथे कायद्यातली एक फट सांगायला हवी. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली जनसुनावणी होते ती ठराविक प्रकारच्या प्रकल्पांची. वीजवाहिन्या त्या यादीत नाहीत. म्हणजे मनोरा माझ्या काजूच्या बागेत येणार हे शेतकऱ्याला कळतं ते बहुधा आखणी करणारे लोक खुंट्या मारायला आल्यावर. आणि जिथे सुनावणी होते तिथेही नोटीस तीस दिवसांची असते आणि गणपूर्तीची अट नाही. मुरगाव बंदरातल्या कोळसा हाताळणीच्या प्रस्तावांवर २०१७ मध्ये झालेल्या सुनावण्या कित्येक दिवस चालल्या, कारण लोकांना बोलायला मिळालेली ती पहिली जागा होती.

जमिनीचं पाहू. बाहेरची कंपनी जमीन मालकाचं नाव एक-चौदाच्या उताऱ्यावरून (गोव्याच्या सातबाऱ्यावरून) घेते आणि तिथेच फसते. भोगवटादाराच्या रकान्यात आजोबांचं नाव तसंच असतं, इन्व्हेंतार, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेला नसतो, वारसांपैकी एक म्हापशात, एक मुंबईत, दोन पोर्तुगालमध्ये. गोव्याच्या दिवाणी कायद्याप्रमाणे सामाईक मालमत्तेत नवरा आणि बायको दोघांची संमती लागते, त्यामुळे चार भावांच्या जमिनीवर आठ सह्या. कुळाचं नाव दुसऱ्या रकान्यात, मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर तिसरीकडे. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, असेल तर गावकऱ्यांची सभा आणि प्रशासकाची परवानगी, याला स्वतःचं वेगळं वेळापत्रक. भरपाईचा धनादेश पहिल्या रकान्यातल्या नावाने निघाला आणि चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या कुळाला काहीच मिळालं नाही, की गावात दोन तट पडतात. पुढे तो तंटा कंपनीच्या कागदात ‘स्थानिक विरोध’ म्हणून नोंदला जातो.

खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतात, हे आणखी नाजूक होतं. मनोऱ्याच्या पायाचा खड्डा उपसताना खारं पाणी बाहेर येतं, ते कुठे सोडायचं? काँक्रीटचे ट्रक बांधावरून गेले तर बांध खचतो आणि पुढच्या मोठ्या भरतीला खाडी शेतात शिरते. मानशीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या, दारांची देखभाल कूळ संघटनेकडे असते, कंपनीचा करार मात्र फक्त जमीनमालकाशी झालेला. एका मनोऱ्याच्या जागेसाठी ठरलेली रक्कम कितीही उदार असली, तरी बांध फुटून सबंध खाजनाचं सरद (पावसाळी) पीक गेलं तर ती कुणाला पुरणार नाही. म्हणून खाजनात काम वायंगणाचं (पावसाळ्यानंतरचं) पीक निघाल्यावर आणि पाऊस लागण्याच्या आत संपेल असंच आखायला हवं, ट्रकचं वजन बांधावर मर्यादित हवं, आणि बांधाची हमी रक्कम काम सुरू होण्यापूर्वी संघटनेच्या खात्यात हवी.

भरपाईचा हिशोबही आकड्यांत मांडून पाहावा. ४०० केव्ही वाहिनीखाली साधारण ४६ मीटर रुंद पट्टा बांधतात. दहा किलोमीटरला ४६ हेक्टर जमीन या पट्ट्यात येते, प्रत्यक्ष मनोऱ्यांच्या पायांखाली जाते ती त्यातली अगदी थोडी. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के झाले. ही सुधारणा मोठी आहे. तरी पट्ट्यातल्या माणसाला घर बांधता येत नाही, माड-आंबा उंच वाढू देता येत नाही, आणि गोव्यात जमिनीची किंमत भातावर ठरत नाही, घर बांधता येण्यावर ठरते. सरकारी दर आणि गावातला खरा दर यांतला फरक प्रत्येक सर्व्हे नंबरासाठी आधी काढून ठेवला, तर वाद कुठे होणार ते नकाशावर रंगवून दाखवता येतं.

समुद्राची अडचण वेगळीच आहे. साठवणुकीची जागा शोधायला भूकंपलहरींचा सर्व्हे लागतो, जहाजामागे काही किलोमीटर लांब केबल ओढावी लागते आणि आसपास जाळी टाकता येत नाहीत. पावसाळ्यात अरबी समुद्रात हे काम अशक्य. यांत्रिक मासेमारीवरची ६१ दिवसांची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे नेमकी त्याच काळात. थोडक्यात, सर्व्हेला उरणारे महिने आणि मच्छीमाराच्या कमाईचे महिने एकच आहेत. ही टक्कर टाळता येत नाही, तिचा मोबदला ठरवून द्यावा लागतो. तो एकाच संघटनेशी बोलून ठरवला तर ट्रॉलरवाले खूश आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकार रस्त्यावर, कारण दोघांची पाणी वेगळी आणि नुकसानही वेगळं. बोटींच्या डिझेलची बिलं, जेटीवरची रोजची आवक, जाळ्यांचा प्रकार, हे निदान एका पूर्ण हंगामाचं नोंदलेलं असेल तर मोबदल्याची बोलणी आकड्यांवर होतात. नसेल तर घोषणांवर होतात.

अशा आधीच्या नोंदींचं महत्त्व कार्बनच्या बाबतीत तर फारच. कॅनडातल्या वेबर्नजवळ एका शेतातल्या तळ्यात बुडबुडे दिसले, जनावरं मेली, आणि साठवलेला वायू फुटून येतोय असा आरोप २०११ मध्ये झाला. स्वतंत्र तपासात तो वायू मातीतल्या नैसर्गिक क्रियांचा निघाला. पण तोवर बातमी जगभर गेली होती. गोव्यात हे हमखास घडेल. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळातच आम्लधर्मी असतं, पावसाळ्यात ओल्या मातीतून कार्बन डायऑक्साइड जास्त निघतो, खाजनाच्या चिखलातून बुडबुडे येतातच. पाइप पडल्यावर पहिल्याच मे महिन्यात कुणाची विहीर आंबट लागली, तर दोष पाइपावर जाणार, आणि आधीचे आकडे नसतील तर कंपनीला खरं सांगूनही सिद्ध करता येणार नाही. उलट खरीच गळती झाली तर गावालाही ती सिद्ध करता येणार नाही, आणि हे जास्त वाईट. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष, चारही ऋतूंत, विहिरी-झरींचा सामू (पीएच), क्षारता, पातळी आणि मातीतल्या वायूचं मोजमाप व्हायला हवं. नमुने घेताना पंचायतीचा माणूस हजर हवा आणि अर्धा नमुना सीलबंद करून पंचायतीकडे राहायला हवा.

आता जीवघेणा भाग. २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ कार्बन डायऑक्साइडची २४ इंची वाहिनी फुटली. जोरदार पावसाने उतार सरकला आणि जोड तुटला. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तो वर न जाता सखल भागातून वस्तीकडे सरकत गेला. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की जिवाला तत्काळ धोका, दहाच्या पुढे माणूस बेशुद्ध पडतो. इंजिनांना ऑक्सिजन न मिळाल्याने पळणाऱ्यांच्या गाड्या बंद पडल्या. सुमारे दोनशे लोकांना हलवावं लागलं, ४५ जण रुग्णालयात गेले. कंपनीच्या गणितात सटार्शिया धोक्याच्या कक्षेत धरलेलंच नव्हतं, आणि बचाव पथकांना वाहिनीत काय आहे याची आधी कल्पना दिलेली नव्हती. पाऊस आणि सरकणारे उतार म्हणजे आपल्या घाटाचं रोजचं चित्र आहे. गोव्यातल्या चिखलीत जानेवारी २०१८ मध्ये पहाटे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा त्या उग्र वासानेच लोक जागे झाले आणि घरं सोडून पळाले. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. रात्री तीन वाजता झोपलेल्या वाड्याला कोण उठवणार, भोंगा कुठे, त्याची बॅटरी कोण बदलणार, जवळच्या अग्निशमन केंद्रात श्वसनयंत्रं किती, गाडी बंद पडली तर पायी कुठल्या उंचवट्यावर जायचं, याची लेखी उत्तरं पंचायतीच्या हातात येईपर्यंत वाहिनीला परवानगी देऊ नये.

आणि प्रकल्प संपल्यावर काय? युरोपच्या २००९ च्या निर्देशात विहीर बंद झाल्यावर साधारणपणे किमान वीस वर्षं जबाबदारी कंपनीची, मग सगळं स्थिर असल्याचं सिद्ध करून ती सरकारकडे, आणि त्यासाठी आर्थिक तारण आधीच. आपल्याकडे साठवणुकीसाठी स्वतंत्र, सर्वांगीण कायदा अजून नाही. गोव्याला याचा अर्थ नीट ठाऊक आहे. जून २००० मध्ये कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस जहाज वाळूत रुतलं आणि ते हटायला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. तोवर किनारा झिजत गेला. डोळ्यांदेखत उभ्या असलेल्या जहाजाची जबाबदारी ठरवायला एवढा वेळ, तर हजार मीटर खोल वायूची कोण घेणार?

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप असा की एवढं खोदत बसलं तर विरोधाला आमंत्रणच मिळेल आणि वीज कधीच येणार नाही. गोव्याला वीज हवी आहे हे खरं, आपण ती जवळपास सगळी बाहेरूनच घेतो. पण पैशांत पाहा. हजार कोटींच्या प्रकल्पात सत्तर टक्के कर्ज आणि नऊ टक्के व्याज धरलं, तर कर्ज पूर्ण उचलल्यावर दर महिन्याला सव्वापाच कोटी व्याज जातं. वर्षभराच्या अशा अभ्यासाला दोन कोटी लागले तरी ते बारा दिवसांच्याही आतलं व्याज झालं. शिवाय सगळा विरोध निरागस असतो असंही मानायचं कारण नाही. जमिनीचे दलाल, पडलेले उमेदवार, कंत्राट हुकलेले लोक त्यात घुसतात. ते कोण आणि खरं नुकसान कुणाचं, हे वेगळं काढायलाही अभ्यासच लागतो. आणि अभ्यासाअंती काही जागांबाबत उत्तर ‘नाही’ येईल. देवराई, गावाची एकमेव झर, भूतखांबासारखी जखमी जागा, यांना दर लावून काही होत नाही. ते ‘नाही’ स्वीकारण्याची सोय नसेल तर अभ्यास करूच नये, कारण विचारून न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा जास्त महाग पडतं.

मग तक्त्यातली ती ओळ कशी असावी? ‘स्थानिक विरोध’ खोडून तिथे कारण लिहावं. उदाहरणार्थ : अमुक वाड्याची झर मनोरा क्रमांक तमुकच्या उताराखाली, जानेवारी ते मे ४० घरं तिच्यावर अवलंबून, खोदाईने प्रवाह घटण्याची शक्यता मोठी, पर्याय : मनोरा दीडशे मीटर हलवणे, जबाबदार व्यक्ती अमुक, निर्णयाची तारीख अमुक, प्रवाह इतक्या लिटरखाली गेला तर काम थांबेल. अशी ओळ लिहिली की जनजागृती हा उपाय तिथे बसतच नाही. आणि तक्त्याला दोन बाजू हव्यात : लोकांमुळे प्रकल्पाला असलेला धोका आणि प्रकल्पामुळे लोकांना असलेला धोका. दुसरी बाजू आधी भरली, तर पहिली बरीचशी तिच्यातूनच निघते.

हे काम कंपनीने नेमलेल्या सल्लागाराकडे राहू नये. पैसे कंपनीने राज्याकडे भरावेत, नेमणूक स्वतंत्र समितीने करावी, अहवाल मराठी आणि कोकणीत पंचायतीला ग्रामसभेच्या साठ दिवस आधी मिळावा, चतुर्थीच्या आठवड्यात किंवा काजूच्या ऐन हंगामात नव्हे. आंतरराज्य वाहिन्यांची कामं स्पर्धात्मक बोलीने दिली जातात. बोलीच्या कागदांत मार्गाचा ढोबळ सर्व्हे असतो आणि जमिनीची, परवानग्यांची सगळी जोखीम जिंकणाऱ्याच्या गळ्यात टाकलेली असते. जो तिची किंमत कमी धरतो तोच स्वस्त ठरतो आणि काम घेतो. गोव्याने केंद्राकडे आग्रह धरायचा असेल तर इथे धरावा : उतारे, पर्यायी मार्ग, हंगाम, पाणी यांचा अभ्यास बोली मागवण्याआधी पूर्ण होऊन सगळ्या बोलीदारांना सारखा मिळाला पाहिजे. त्याने विजेचा दर काही पैशांनी चढेल. ते पैसे आज कुणीतरी भरतंच आहे, फक्त ते बिलावर दिसत नाहीत.